पुरस्कार आणि आत्यांचं मत

चित्रपट आणि मालिकांचा तो वार्षिक पुरस्कार सोहळा टीव्हीवर सुरू झाला, की आत्यांना कुणी मत विचारावं लागत नसे. ते तयारच असायचं. पाहुणी अजून गाडीतून उतरत असायची, तिचा पाय गालिच्याला लागायचा होता, तोवर आत्या बोलून मोकळ्या: "खांद्यात बसलेलं नाही."

तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, मागच्या बाजूला, जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत आत्यांचं मशीन होतं. गिऱ्हाइकाने पुढे कोट किंवा झगा पसंत करायचा आणि मागे येऊन आरशासमोर उभं राहायचं. मग आत्यांनी तोंडात टाचण्या धरून त्याच्याभोवती फिरायचं. इथे उसवायचं, तिथे आत घ्यायचं, लांबी दुमडायची. तोंडात टाचण्या असल्यामुळे कामावर त्यांना एक अक्षर बोलता येत नसे. दिवसभर गिळलेली मतं मग संध्याकाळी घरी बाहेर पडतात, असं त्यांचा भाऊ म्हणायचा.

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस शांत. बहीण आणि बायको यांच्या मध्ये बसून टीव्ही बघायची सवय असल्यामुळे कुणाही दोघांच्या मध्ये बसून त्याला झोप लागायची. तो गेला तेव्हा आत्या पलीकडच्या गल्लीत एकट्या राहत होत्या. त्या एक बॅग घेऊन भावजयीकडे आल्या, "तुझं जरा सावरेपर्यंत थांबते" म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्यांचं शिलाई मशीनही आलं. भावजयीने बैठकीच्या खोलीतलं कपाट सरकवून जागा केली. कोण कुणाला सावरतंय हा विषय पुन्हा निघाला नाही.

भावजयीला सगळी इमारत वहिनी म्हणायची. आत्याही, वयाने मोठ्या असून, तिला वहिनीच म्हणत. ती त्यांना वन्सं म्हणे. लग्न होऊन आली तेव्हापासून म्हणत होती, आणि वन्सं म्हणूनच त्यांच्याशी भांडतही होती. आत्यांनी स्वतः लग्न का केलं नाही, हे तिने एकदा विचारलं होतं. "एक आला होता," आत्या म्हणाल्या, "माणूस चांगला होता. पण पँट कायम आखूड."

वहिनीची सगळी नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात झाली होती. कानाला यंत्र लावून ती आयुष्यभर न दिसणाऱ्या माणसांशी बोलत आली होती. त्यामुळे माणूस खरं बोलतोय की बनवतोय ते आवाजावरून कळतं, अशी तिची पक्की समजूत होती. अभिनयही आवाजातच असतो, कपड्यांना काय करायचंय, असं ती म्हणायची. त्यावर आत्यांचं ठरलेलं उत्तर होतं, की मग रेडिओ लाव.

सोहळ्याच्या संध्याकाळी समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमन आपली खुर्ची उचलून यायचे. त्यांना सिनेमातलं काही कळत नसे आणि तसं ते प्रामाणिकपणे सांगत. ते आत्या काय म्हणतात ते ऐकायला येत. आत्यांच्या मते आभार मानायला गेलेला माणूस आभार मानून खाली आला पाहिजे, वंशावळ सांगून नव्हे. सूत्रसंचालकाने विनोद करावा, पण आधी स्वतः हसू नये. जीवनगौरव पुरस्कार म्हणजे 'आता घरी बसा' असं हार घालून सांगणं. ज्या सिनेमात कुणी पोटभर जेवत नाही आणि सगळे नुसते खिडकीतून बाहेर बघतात, त्यालाच हमखास बक्षीस. आणि सगळ्यात मोठा राग मालिकांना मिळणाऱ्या वागणुकीचा. सिनेमावाल्यांना पुढच्या रांगेत खुर्च्या, मोठाली भाषणं, मागे वाद्यवृंद. मालिकांचे पुरस्कार मात्र जेवणं आटोपल्यावर भांडी आवरावीत तसे भराभर आवरायचे. "सिनेमावाले जावई आणि मालिकावाले घरचे," आत्या म्हणत. "घरच्यांना कोण विचारतंय?"

कोण जिंकणार याचे त्यांचे अंदाज दरवर्षी साफ चुकायचे. पण आपण चुकलो असं त्यांना एकदाही वाटलं नाही. परीक्षक चुकत.

या सगळ्यात त्यांची एक लाडकी नटी होती. एका हॉस्पिटलच्या मालिकेत कितीतरी वर्षं वॉर्डातल्या मुख्य नर्सचं काम करणारी. नायिका बदलल्या, डॉक्टर बदलले, एक डॉक्टर तर मरून दुसऱ्या नावाने परत आला, पण ही बाई तीच. आत्या तिला 'आपली बाई' म्हणत. सहाय्यक अभिनेत्रीच्या पुरस्कारासाठी तिचं नाव अधूनमधून यायचं आणि पुरस्कार कायम दुसरीला जायचा. वहिनीला ती मुळीच आवडत नसे. ती नाकात बोलते, आणि पेशंटला गोळी देतानाही शिक्षा सुनावल्यासारखी देते, असं वहिनीचं म्हणणं. या एका बाईवरून दोघींचा दोन-दोन दिवस अबोला झालेला होता.

आत्यांचे डोळे बिघडले ते वहिनीच्या लक्षात आलं नाही, याचं तिला पुढे फार वाईट वाटलं. खुणा होत्या. एका वर्षी सोहळ्यात आत्या कपड्यांवर बोलल्याच नाहीत. भाषणांवर बोलल्या, गाण्यांवर बोलल्या, पण खांदे, शिवणी, घोळ, कशावरही एक शब्द नाही. वहिनीला वाटलं, वय झालं, मवाळ झाल्या. पोस्टमन तर जाताना म्हणाले की यंदा आत्यांची तब्येत बरी दिसत नाही. मग एकदा आत्यांनी वहिनीच्या ब्लाउजची बाही लावली ती उलटी, शिवण बाहेर. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. वहिनीने ब्लाउज समोर धरला. आत्यांनी तो हातात घेतला, बोटांनी शिवण चाचपली, उलटा करून पुन्हा चाचपली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि समजूतदार होत्या. पडद्याचा मधला भाग झिजलाय, त्या म्हणाल्या. मधोमध डाग दिसत राहणार, कडेने मात्र दिसेल. पूर्ण अंधार होणार नाही, पण गेलेलं परत यायचं नाही. आत्यांनी विचारलं, सुईत दोरा ओवता येईल का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही. आत्या म्हणाल्या, "बरं." घरी आल्यावर त्यांनी मशीनवर कव्हर घातलं. त्या दिवसापासून त्या समोरच्या माणसाशी बोलताना त्याच्या कानाकडे बघू लागल्या, कारण कानाकडे बघितलं की कडेने चेहरा थोडा कळायचा. टीव्ही बघायचा तर टीव्हीच्या शेजारच्या भिंतीकडे बघावं लागे. पण त्यांनी टीव्ही बघणंच सोडलं. वहिनीने लावला की त्या आतल्या खोलीत जात. नर्सची मालिकासुद्धा सुटली.

वहिनीची लेक परगावी असायची. तिने फोनवर सुचवलं की आत्याला बोलकी पुस्तकं आण, गाणी लावून दे. आत्यांनी एक पुस्तक थोडं ऐकलं आणि वाचणाऱ्या बाईला सर्दी झालीय म्हणून बंद केलं. म्हणजे मतं आत होती. फक्त त्यांना बसायला जागा राहिली नव्हती.

सोहळ्याचा दिवस जवळ आला तसं वहिनीने विषय काढला. आत्या म्हणाल्या, मला काय त्याचं, तू आणि पोस्टमन बघा. नामांकनं जाहीर झाली तेव्हा वहिनीने ती मोठ्याने वाचून दाखवली, आणि सहाय्यक अभिनेत्रीच्या नावांपाशी आल्यावर थांबली.

"आपली बाई आहे," ती म्हणाली.

आत्यांनी भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे त्या वहिनीकडे बघत होत्या.

"तुझी कधीपासून झाली?" त्यांनी विचारलं. पण सोहळ्याच्या संध्याकाळी त्या बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या.

पोस्टमन आपली खुर्ची घेऊन आले. आत्यांना दिसत नाही म्हणून आपण सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून ठेवलेलं होतं. लाल गालिच्यावर पाहुणे उतरू लागले आणि ते उत्साहाने पुढे सरकले. "एक बाई आली," ते म्हणाले. "चांगली आहे. लाल आहे." थोड्या वेळाने, "आणखी एक आली. हीपण बरी आहे. निळी." आयुष्यभर पत्ते वाचलेला माणूस, थोडक्यात सांगायची सवय. आत्यांनी तीन-चार बायका सहन केल्या आणि मग म्हणाल्या, "अहो, बाया सांगताय की टपालपेट्या?"

मग वहिनीने सुरुवात केली. तिला वाटलं होतं, सोपं असेल. बघायचं आणि बोलायचं. पण तोंड उघडल्यावर तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं हा सोहळा बघून तिने काही बघितलेलंच नाही. ती ऐकत होती. झग्याचा रंग सांगून झाल्यावर पुढे काय बोलावं ते तिला सुचेना. आत्या विचारू लागल्या. गळा गोल आहे की चौकोनी? पाठीवर काय आहे? चालताना पुढचा घोळ हाताने उचलून धरतेय का? धरत असेल तर लांबी चुकलीय. बसल्यावर पोटाशी कापड चुरगळतं का? वहिनी टीव्हीच्या जवळ सरकली, चष्मा वर-खाली केला आणि उत्तरं देऊ लागली. हळूहळू तिला दिसायला लागलं. एका देखण्या नटाचा कोट मागून वर चढला होता, तो दर दोन पावलांनी खाली ओढत होता. एका मोठ्या नटीच्या झग्याला इतक्या टिकल्या होत्या की तिला खाली बसताना दोघांनी धरावं लागलं. आत्या टेकून बसल्या. त्यांच्या मानेला पुन्हा तो जुना ताठपणा आला.

"पुढे?" त्या म्हणत. "पुढे कोण?"

पुढे आपली बाई आली.

वहिनीने तिला गाडीतून उतरताना पाहिलं आणि चष्मा पुन्हा नीट लावला. वांग्याच्या रंगाचा झगा. दोन्ही खांद्यांवर कापडाची मोठमोठी फुलं, त्यातलं एक उजव्या कानाला घासत होतं. कमरेपासून खाली झगा इतका आवळलेला की तिला पावलं चिमणीएवढी टाकावी लागत होती. बिचारी मात्र खुशीत होती. हात हलवत होती.

"आली का?" आत्यांनी विचारलं. नाव त्यांना ऐकू आलं होतं.

"आली."

"कशी दिसतेय?"

"छान दिसतेय," वहिनी म्हणाली. "फार छान."

पोस्टमननी वहिनीकडे पाहिलं, मग आपल्या चहाच्या कपात पाहिलं.

"वहिनी," आत्या म्हणाल्या, "या बाईला तू आजवर एक चांगला शब्द दिला नाहीस. आज दोन दिलेस. तेव्हा एक तर तिने काहीतरी भयंकर घातलंय, नाहीतर तुला माझी कीव आलीय."

टीव्हीवर कुणीतरी आपल्या बाईला आजचा दिवस कसा वाटतोय ते विचारत होतं.

"माझे डोळे गेले," आत्या म्हणाल्या, आवाज न चढवता. "मत नाही गेलं. पण खोट्यावर मी मत कसं देऊ? तू जे सांगशील तेच आता मला दिसणार. तू गोड गोड सांगायला लागलीस तर मग मी खरीच आंधळी झाले."

वहिनीचे डोळे भरून आले. ती त्या वेळी रडली नाही, कारण रडली असती तर टीव्ही दिसला नसता. तिने चष्मा पुसला, परत लावला आणि सगळं खरं सांगितलं. रंग सांगितला, फुलं सांगितली, कानाला घासणारं फूल वेगळं सांगितलं, कमर सांगितली, पावलं सांगितली.

आत्या ऐकत होत्या. फुलांपाशी त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. पावलांपाशी मात्र त्यांचं पोट हलू लागलं, आणि मग त्या हसल्या. कितीतरी महिन्यांत त्या अशा हसल्या नव्हत्या. शेवटी त्यांनी डोळे पुसले. "शिवणाऱ्याने कसला तरी जुना सूड उगवलाय गं," त्या म्हणाल्या. "एवढी गुणी बाई आणि फुलदाणी करून पाठवलीय." पोस्टमन इतके हसले की त्यांना कप खाली ठेवावा लागला.

मालिकांचे पुरस्कार नेहमीप्रमाणे घाईत उरकायला घेतले. दरवर्षी या वेळी वहिनी उठून चहाचं बघायला जायची. या वेळी ती बसून राहिली. सहाय्यक अभिनेत्रीची नावं वाचली गेली, पडद्यावर चौकटी-चौकटींत सगळ्यांचे चेहरे आले, लिफाफा फुटला. नाव दुसरीचं होतं. कोवळी पोर, पहिलीच मालिका.

आत्यांना ऐकू आलंच होतं. "हं," एवढंच त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "ती काय करतेय?"

जिंकलेली मुलगी पायऱ्या चढत होती, पण आत्या कुणाबद्दल विचारताहेत ते वहिनीला समजलं. कॅमेरा नशिबाने परत तिच्यावर गेला. हरलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे इतकं निरखून वहिनीने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"हसतेय," ती हळूहळू सांगू लागली. "तोंडाने हसतेय. डोळे अजून हसायला लागले नाहीत. टाळ्या वाजवतेय. शेजारच्या माणसाने तिच्या हातावर हात ठेवला, तर ती मान हलवून नको म्हणाली. आता... आता ती मुलगी वर पोचली आणि रडायला लागलीय, तर ही तिच्याकडे बघतेय. आता डोळेही हसले."

"टाळ्या मांडीजवळ वाजवतेय की हात वर धरून?"

"वर धरून. त्या फुलांच्याही वर."

आत्या मागे टेकल्या. "मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "काम शिकवून येतं, पण असं हरणं शिकवून येत नाही. परीक्षकांना यातलं काय कळणार."

त्या कोवळ्या पोरीने कुठल्या कुठल्या काका-मामांचे आभार मानले. आत्यांनी तिला या वर्षापुरतं माफ केलं. मग वहिनीने, कुणी न विचारता, एक गोष्ट कबूल केली. मघाशी गालिच्यावर बोलताना आपल्या बाईचा आवाज नाकातून येत नव्हता, ती म्हणाली. साधा होता. घरातल्या माणसासारखा.

आत्यांनी तिच्या कानाकडे बघितलं. "हे गोड गोड तर नाही?"

"नाही वन्सं. खरं."

त्यानंतर घरात बोलणं वाढलं. वहिनी आता सगळंच सांगू लागली, आणि बघायची सवय लागल्यामुळे तिला सांगण्यासारखं पुष्कळ दिसू लागलं. खिडकीतून सांगायची, बाजारातून येताना सांगायची. समोरच्या पोस्टमनांनी स्वेटर उलटा घातलाय. औषधाच्या दुकानातल्या नव्या मुलीने केस फार आखूड कापलेत, पण तिला शोभतात. आत्या एकेकावर निकाल देत. मशीनवरचं कव्हरही एका दुपारी निघालं. बारीक काम जमणार नव्हतं, पण सरळ शिवण त्या बोटांनी चाचपत मारू शकत होत्या. उशांचे अभ्रे, पडदे, पिशव्या. दोरा वहिनी ओवून द्यायची. तिला आधी ओवता येत नसे, आणि आत्या भिंतीकडे बघत तिला ओरडायच्या.

एकदा दोघी बसची वाट बघत उभ्या होत्या. पुढे रांगेत राखाडी कोट घातलेली एक मध्यमवयाची बाई होती. हातात ऑफिसची पिशवी, दमलेली. वहिनीने आत्यांच्या कानाशी लागून सांगायला घेतलं. कापड भारी दिसतंय, पाठीवर छान पडलंय. पण बाह्या लांब आहेत, बोटं झाकली जाताहेत. थोरल्या बहिणीचा असावा.

ती बाई मागे वळली.

"आईचा आहे," बाई म्हणाली. चिडली नव्हती. "ती गेली, म्हणून मी घालते. बाह्या लांब होतात ते मला माहीत आहे. दुकानवाला म्हणाला, यात काही करता येणार नाही."

आत्या तिच्या कानाकडे बघून म्हणाल्या, "हात लावू का?"

बाईने हात पुढे केला. आत्यांनी बाहीची कड बोटांत धरली, अस्तर चाचपलं, आत दुमडलेलं कापड किती आहे ते बघितलं. बस आली. तिघींपैकी कुणीही पाऊल उचललं नाही, आणि मागची माणसं त्यांना वळसा घालून चढली.

"करता येतं," आत्या म्हणाल्या. "तुमच्या आईच्या शिंप्याने आत भरपूर कापड ठेवलंय. मनगटाकडून कापायचं नाही, खांद्यापाशी उसवून वर उचलायचं. मला नाही जमायचं आता. पण मी जवळ बसून सांगेन आणि ही करेल. घाई नसेल तर घरी या." वहिनीने पत्ता सांगितला.

ती बाई पुढच्या रविवारी आली. कोट टेबलावर पसरलेला होता, वहिनी चष्मा लावून वाकलेली होती आणि आत्या शेजारच्या भिंतीकडे बघत तिला रागावत होत्या, की उसवताना इतकी घाबरतेस कशाला, दोरा आहे तो, टेलिफोनची वायर नाही.